हातावरचे कण, जखम की पुंगळी? गोळीबारातील मृत्यूत कोणत्या पुराव्यावर किती विसंबावं

गोळी लागून माणूस गेला की तपासासमोर तीन प्रश्न असतात: गोळी किती अंतरावरून सुटली, कोणत्या हत्यारातून सुटली आणि ते हत्यार कोणाच्या हातात होतं. तिन्हींची उत्तरं एकच पुरावा देत नाही. तपासात किंवा वकिलीत नवा असलेला माणूस संशयिताच्या हातावर गोळी सुटताना उडालेले कण सापडले की प्रकरण सुटलं असं मानतो, आणि तिथेच फसतो. आत्महत्या की खून हे ठरवताना मी जखम आणि कपड्यांना पहिलं वजन देईन, मग गोळी आणि पुंगळीला (काडतुसाच्या रिकाम्या कवचाला), आणि हातावरच्या कणांना सर्वांत शेवटी. गोळा करताना मात्र क्रम उलटा, कारण कण सर्वांत आधी उडून जातात.

बंदुकीची नळी कातडीला टेकलेली असेल तर तिच्या तोंडाचा ठसा उमटू शकतो. खाली कवटीचं हाड असेल तर वायू आत कोंडतो आणि जखम ताऱ्यासारखी फाटते. नळी थोडी दूर असली की भोवती काजळी दिसते. त्याहून दूर असली की बंदुकीच्या दारूचे कण कातडीवर आदळून बारीक ठिपके उठतात. काजळी पुसली जाते, ठिपके धुऊनही जात नाहीत. पिस्तुलाची काजळी साधारण ३० सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच मिळते, ठिपके त्याहून लांबवर. पण हत्यार आणि काडतूस बदललं की हे आकडे बदलतात, म्हणून तेच हत्यार आणि तशीच काडतुसं वापरून चाचणी घ्यावीच लागते.

कपडे नजरेआड झाले की हा सगळा हिशेब चुकतो. काजळी शर्टाने अडवली तर खालची कातडी स्वच्छ राहते आणि जवळून सुटलेली गोळी लांबची वाटते. गडद कापडावरची काजळी डोळ्यांना दिसली नाही तरी अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रात दिसू शकते. टेकलेल्या नळीची जखम एकटीने आत्महत्या सिद्ध करत नाही, खुनीही नळी टेकवू शकतो. उलट, अंतर मृताच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं निघालं तर त्याने स्वतःच्या हाताने चाप ओढल्याची शक्यता जवळपास संपते.

गोळी आणि पुंगळी हत्याराबद्दल बोलतात. नळीतल्या आट्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात, फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणाऱ्या खिळीचा) ठसा पुंगळीच्या बुडावर. १९२९ च्या शिकागोतील व्हॅलेंटाइन डे हत्याकांडात बंदुकतज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड यांनी तुलना सूक्ष्मदर्शकाखाली (ज्यात दोन वस्तू शेजारी शेजारी दिसतात) आधी पोलिसांच्या बंदुकांवरचा संशय दूर केला आणि नंतर सापडलेल्या दोन टॉमी गनशी (हातात धरायच्या स्वयंचलित बंदुकांशी) खुणा जुळवल्या. तरीही जुळणी शेवटी तज्ज्ञाच्या नजरेवर उभी असते. अमेरिकेत न्यायवैद्यक पुराव्यांची छाननी करणाऱ्या २००९ आणि २०१६ च्या अहवालांनी यावरच बोट ठेवलं, तेव्हा ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्या तज्ज्ञाला उलट प्रश्न विचाराच. छर्र्यांच्या बंदुकीची नळी सहसा गुळगुळीत असते, तिथे छर्र्यांवर काही मिळत नाही, पुंगळीच कामाला येते. रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकत नाही, म्हणून जमिनीवर पुंगळी नसणं यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. आणि हत्यार जुळलं तरी हात जुळत नाही.

हातावरच्या कणांत शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकत्र वितळलेले सापडले तर ते गोळीबाराचं ठळक लक्षण. पण ते कण शेजारी उभ्या असलेल्याच्या, पिस्तूल नुसतं उचलणाऱ्याच्या हातावरही बसतात. जिवंत माणसाच्या हातावरून काही तासांत झडतात, हात धुतले तर लगेच. काही काडतुसांत शिसं नसतंच. म्हणून ‘सापडले’ म्हणजे गोळी झाडली नव्हे आणि ‘नाही सापडले’ म्हणजे सुटकाही नव्हे.

मृताच्या हातांना कागदी पिशव्या बांधा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. बोटांचे ठसे घेण्याआधी कण उचला. रक्ताने भिजलेले कपडे वाळवून कागदात ठेवा, आणि अंगावरून ते कापून काढायची वेळ आली तर कात्री गोळीच्या छिद्रातून जाऊ देऊ नका.