मराठी संग्रहासाठी कोहा कसं आहे?

माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयात जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. ते सगळ्यांना खुलं आहे आणि परवान्याचे पैसे आजही लागत नाहीत. देवघेव, दंड, आरक्षण, वाचकाला घरून दिसणारी सूची, हे सगळं उत्तम चालतं.

कसोटी लागते ती मराठी पुस्तकं भरताना. जुनी यादी बहुधा एक्सेलमध्ये, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असते. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंचात आणा. साध्या सीएसव्हीत सेव्ह केली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. मग मार्कएडिटमध्ये, म्हणजे यादीचं 'मार्क' या ग्रंथालयीन नोंदींच्या साच्यात रूपांतर करणाऱ्या साधनात, रकाने साच्यातल्या क्रमांकांशी जुळवा: लेखक १००, शीर्षक २४५, प्रतीचा तपशील ९५२. दाखल क्रमांक (रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रतीला दिलेला क्रमांक) हाच बारकोड असेल तर तो ९५२ च्या 'पी' या उपरकान्यात जातो. रजिस्टरमध्ये एकच क्रमांक दोनदा पडला असेल तर दुसरी प्रत चढत नाही, त्यामुळे आयात करण्याआधी दुबार क्रमांक शोधून काढा.

सर्वांत जास्त छळतो तो 'ऱ्य'. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. पुस्तक कपाटात असतं आणि शोधात 'नाही' येतं. एक पद्धत ठरवा आणि सगळ्या नोंदी तशा करून घ्या.

शिरवाडकर शोधणाऱ्याला कुसुमाग्रजांच्या कविता मिळायला हव्यात. कोहात त्यासाठी प्राधिकृत नोंदींची सोय आहे: मुख्य नाव १०० मध्ये, पर्यायी नावं ४०० मध्ये. सोय फार चांगली आहे, पण ही नावं कोहा स्वतःहून ओळखत नाही. मराठी साहित्य जाणणारा ग्रंथपालच ती जोडू शकतो. शिक्का मारण्याचं काम संपलं, ग्रंथपालाचं काम मात्र वाढलं. नोंदीमागे ठरावीक पैसे देऊन बाहेरून डेटा भरून घेणाऱ्या संस्थांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिथे हटकून हेच काम राहून जातं आणि सूची असूनही पुस्तक सापडत नाही.

कोहा लिनक्सवर चालतं, म्हणून ती संगणकप्रणाली जाणणारं कुणीतरी हाताशी हवं. रात्रीचा बॅकअप आपोआप होतो, पण त्याच मशीनवर राहतो. रोज त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा.