कॅनन १५००डी आणि ५०ची लेन्स: बेळगावच्या उजेडात कुठे पुरते, कुठे अडते

लग्नाची ऑर्डर ठरवायला आलेले पाहुणे दर विचारण्याच्याही आधी विचारतात, "कॅमेरा कुठला वापरताय?" नवशिका पोरगा "१५००डी" असं हळूच सांगतो. या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, लाज वाटण्याचं काहीच कारण नाही. मात्र ती कुठे पुरते आणि कुठे खरोखर अडते, हे वापरणाऱ्याला नेमकं माहीत हवं. तेवढं माहीत नसेल तर दुप्पट-तिप्पट किमतीची बॉडी घेऊनही फोटो तसेच येतात.

ही बॉडी २०१८ सालची. २४.१ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सर, ९ फोकस पॉइंट, सेकंदाला ३ फोटो, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे येतात) १०० ते ६४००. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. १२ बाय १८ इंची अल्बमचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे त्या बाबतीत काहीच उणं नाही. राजहंसगडावरून पहाटेचं धुकं ट्रायपॉड लावून, आयएसओ १०० आणि एफ/८ वर (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठं) टिपलं, तर त्या आकाराच्या प्रिंटवर महागड्या फुल-फ्रेमचा फोटो कुठला आणि याचा कुठला हे ओळखणं कठीण जातं. धुक्यात ऑटोफोकस मागे-पुढे शोधत बसतो, तेव्हा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहापट मोठं करून हाताने फोकस लावावा.

अडचण सुरू होते ती सोबत येणाऱ्या १८-५५ एमएम किट लेन्सपासून. ५५ला तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर एफ/५.६. वडगाव-शहापूर भागातल्या मागांच्या खोलीत उजेड येतो तो एका खिडकीतून किंवा छपरात बसवलेल्या काचेतून. तिथे विणकराचा चेहरा एफ/५.६ वर घ्यायचा तर आयएसओ ६४०० आणि शटर १/६० अशी वेळ येते. चेहऱ्याच्या सावलीत रंगीत दाणे दिसतात आणि हात हलले की पुसट होतात. त्याच जागी ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लावून एफ/२ ठेवलं की तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हाताशी येतात. त्यातले दोन आयएसओला द्या, एक शटरला: आयएसओ १६००, १/१२५. बॉडी तीच, खोली तीच, पण कातडीचा रंग परत येतो. दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या तर ५०च्या लेन्समधून किटच्या जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणून सामान महत्त्वाचं का, याचं इथलं उत्तर "हो" असं आहे. फक्त ते सामान म्हणजे १६० ग्रॅमची लेन्स, नवी बॉडी नाही.

या लेन्सचे दोषही सांगायला हवेत. लहान सेन्सरच्या १.६ पट क्रॉपमुळे ती ८० एमएमसारखी वागते. अरुंद गल्लीत किंवा छोट्या घरात मागे भिंत लागते आणि अख्खं कुटुंब फ्रेममध्ये मावत नाही, तिथे किटच लावावी. ३५ सेंटीमीटरच्या आत ती फोकस करत नाही. आणि खरी फसगत एफ/१.८ ला होते: एक मीटरवरून चेहरा घेतला तर जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर जाडीचा भाग धारदार येतो. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून मग फ्रेम सरकवली की तेवढ्या हालचालीत डोळा सुटतो आणि कान धारदार येतो. लोक लेन्सला दोष देतात, चूक पद्धतीत असते. एफ/२.८ ला ही जाडी सव्वाचार सेंटीमीटरच्या आसपास जाते, चेहऱ्यासाठी तेच ठेवावं आणि डोळ्याच्या जवळचा पॉइंट निवडावा. अंधारात मात्र मधला पॉइंटच भरवशाचा, कारण नऊपैकी तोच एकटा क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे. पद्धत सुधारूनही फोकस दरवेळी एकाच बाजूला, पुढे किंवा मागे, पडत असेल तर या बॉडीत तो दुरुस्त करायची सोय नाही. मग थांबलेल्या विषयासाठी लाइव्ह व्ह्यू वापरावा, तिथे फोकस सेन्सरवरूनच होतो.

कमल बस्ती हे या किटची परीक्षा घ्यायला उत्तम ठिकाण. किल्ल्यातली ही १२०४ सालची बस्ती (जैन मंदिर), आत काळसर दगड, डोक्यावर उमललेल्या कमळाचं छत आणि दारातून येणारा एकच पांढरा झोत. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, हातात धरून घ्यावं तर आयएसओ चढतो. सोपी रीत अशी: मऊ कापडाची घडी कमळाच्या बरोबर मध्याखाली जमिनीवर घाला आणि कॅमेरा पाठीवर झोपवा. स्क्रीन वळत नाही आणि ती खालीच येते, म्हणून कापड हवंच, नाहीतर ओरखडे पडतात. लेन्स १८ला, एफ/८, आयएसओ १००, लेन्सवरचं आयएस (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. वाय-फाय चालू करून कॅमेरा कनेक्ट ॲपवर फोनमध्ये फ्रेम बघा, कॅमेरा सूतभर इकडे-तिकडे सरकवून चारी खांब समान आणा, फोनवरूनच शटर दाबा. एक ते चार सेकंदांच्या दरम्यान एक्स्पोजर येतं. दाराकडची बाजू पांढरीफटक पडत असेल तर एक स्टॉप कमी ठेवून रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये सावल्या उचला. आयएसओ १०० ला एवढी उचल हा सेन्सर सहन करतो. कमळाच्या पाकळ्यांवरची छिन्नीची धार यात स्पष्ट दिसते. भाविक आलेले असतील तर आधी त्यांचं दर्शन होऊ द्यावं, हेही त्या रीतीतच धरा.

गोकाकला ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळते तिथे बॉडीपेक्षा फिल्टर कामाला येतो. ढगाळ दिवशी आयएसओ १००, एफ/११ ला शटर १/२५च्या आसपास मिळतं. ५८ एमएमचा पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) चढवला की ते १/८ पर्यंत उतरतं आणि पाण्याला ओढ दिसते. कठड्यावर टेकून, आयएस चालू ठेवून १८ला हे हातातही जमतं. कडक उन्हात हेच शटर १/२०० होतं, तेव्हा सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर) लागेल आणि १/३ सेकंदासाठी ट्रायपॉडही. एफ/२२ वर जाऊन फिल्टर वाचवू नका, सगळा फोटो मऊ पडतो. तुषार काचेवर बसले की शर्टाने पुसायचं नाही. आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर. शर्टाच्या घडीतली वाळू कोटिंग घासते.

आणि कुस्ती. लाल मातीच्या मैदानात सेकंदाला ३ फोटो म्हणजे दोन फोटोंमध्ये डाव सुरू होऊन संपू शकतो. सेकंदाला दहा-वीस फोटो काढणारी बॉडी इथे मदत करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ढाक लागण्याआधी पहिलवान कुठल्या पायावर भार घेतो, एकेरी पट काढताना खांदा आधी कसा झुकतो, हे ज्याला कळतं तो एकच फोटो काढतो आणि तोच छापून येतो. पकड बसून दोघे क्षणभर ताठतात, तेव्हा १/१२५ही पुरतं. फेकीला १/५०० हवं. फोकस एआय सर्व्होवर (हलत्या विषयामागे जाणारा), मधला पॉइंट छातीवर, आणि बसायची जागा सूर्य पाठीशी येईल अशी. दिवे लागल्यानंतरचा त्रास वेगळाच. आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/५०० ला एक फोटो पिवळा, दुसरा निळसर, तिसऱ्यावर काळे पट्टे. हे टाळणारी अँटी-फ्लिकर सोय या बॉडीत नाही. १/१०० किंवा १/५० ला पट्टे जातात, पण मग फेक विसरा आणि थांबलेले क्षण शोधा. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांनाही हाच नियम: १/१००, एफ/२, आयएसओ १६००, आणि रथ वळणावर थबकेल तिथे आधीच उभं राहायचं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगडच्या आसपास पक्षी टिपायचे असतील तर मात्र सरळ पैसा बोलतो. लांबचं जवळ आणणारी ५५-२५० एमएम लेन्स घेतली तरी दाट झाडीखाली एफ/५.६ उपाशी राहतो. तिथे कौशल्याने दहा टक्के भर पडेल, नव्वद टक्के काम लेन्सचं.

लग्नाचं काम पैसे घेऊन करणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली, कार्डाची जागा एकच. कार्ड बिघडलं तर अक्षता परत पडत नाहीत. म्हणून एक मोठं कार्ड न घेता लहान कार्डं घ्या, अंतरपाट दूर झाल्यावर, जेवणाच्या आधी अशी टप्प्याटप्प्याने बदला आणि त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. मुख्य फोटोग्राफर म्हणून जाणार असाल तर दोन कार्डांची बॉडी भाड्याने घ्यावी, असंच आमचं स्पष्ट मत आहे. इथे प्रश्न कलेचा नाही, ग्राहकाला दिलेल्या शब्दाचा आहे. दुसरी गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: या बॉडीच्या हॉट-शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) फ्लॅशला पेटायचा इशारा देणारा मधला सिंक संपर्कच नाही. जुने साधे मॅन्युअल फ्लॅश आणि एका पिनवर चालणारे ट्रिगर बसतात, पण पेटत नाहीत. कॅननच्या टीटीएल (फ्लॅशचा जोर कॅमेराच ठरवतो) संपर्कांवर चालणारा आणि अशा शूसाठी जमवून घेतलेला फ्लॅश किंवा ट्रिगरच घ्या आणि दुकानातच बॉडीवर चढवून पेटवून बघा. व्हिडिओ करणाऱ्यांसाठी माइकची जागाही नाही.

आपल्याकडचा पाऊस हा शेवटचा शत्रू. बॉडीला पाण्यापासून संरक्षण नाही, आणि जून ते सप्टेंबर कपाटात कातडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरते. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायचा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं; निळं जेल मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं. एसी गाडीतून जांबोटीच्या ओल्या हवेत उतरलात तर बॅग वीस-तीस मिनिटं बंदच ठेवा, नाहीतर काचेच्या आत दव धरतं.

जुनी घेणाऱ्यांनी तर लेन्सच्या मागून मोबाइलची टॉर्च मारून तिरकं बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सौदा सोडा. मग एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा: काळे ठिपके सेन्सरवरची धूळ दाखवतात, ती साफ होते, पण ओरखड्यासारखी रेघ दिसली तर घेऊ नका. शटर किती वेळा पडलं हे या कॅमेऱ्याच्या फोटोत नोंदलेलं नसतं, विकणाऱ्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर भाव ठरवू नये. बॉडी आणि ५०ची लेन्स एकत्र मिळत असेल आणि किट नसेल, तरी चालेल. उलट असेल तर भाव पाडून घ्या आणि उरलेले पैसे ५०साठी ठेवा.