सीपी२१०२ यूएसबी-सिरियल अडॅप्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ आमची लहानशी कार्यशाळा आहे. भरती-ओहोटीची पातळी नोंदवणाऱ्या उपकरणासाठी एका नव्या बोर्डावर लिनक्स बसवण्याचे काम गेल्या जूनमध्ये हाती घेतले, तेव्हा लॅपटॉपच्या यूएसबीवरून बोर्डाच्या सिरियल पोर्टशी मजकुराची देवाणघेवाण करण्यासाठी हा अडॅप्टर घेतला. तेव्हापासून तो जवळजवळ रोज लॅपटॉपला जोडलेला आहे आणि सेकंदाला ११५२०० बिट या वेगावर त्याने स्वतः एकदाही अक्षरे गाळलेली नाहीत.

त्याची खरी किंमत कळली ती पहिल्याच आठवड्यात. बोर्डावरील मजकूर पडद्यावर स्वच्छ उमटत होता, पण टाइप केलेले एकही अक्षर पलीकडे पोहोचत नव्हते. अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या पिना एका जंपरने जोडल्या की टाइप केलेले अक्षर परत यायला हवे, पण तेही येईना. दोष मिनिकॉम या लॅपटॉपवरील टर्मिनल प्रोग्रामच्या मांडणीत निघाला: त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याची परवानगी मिळाल्यावरच अक्षरे पाठवण्याची सोय, सुरू होते आणि माझ्या अडॅप्टरवर ही परवानगी आणणारी सीटीएसची पिन बाहेर काढलेलीच नसल्याने चिप परवानगीची वाट पाहत थांबून राहत होती. ते बंद करताच अक्षरे परत येऊ लागली.

त्यानंतरची अडचण मात्र बोर्डाची होती आणि तिने चार दिवस घेतले. लिनक्सच्या आधी चालणाऱ्या यू-बूट या बूटलोडरमध्ये कळ दाबून बूट थांबवता येत असे, म्हणजे बोर्डाच्या आरएक्सची तार निर्दोष होती. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेशही शेवटपर्यंत येत, परंतु लॉगिनची ओळ येत नसे आणि कितीही कळा दाबल्या तरी प्रतिसाद नसे. यू-बूट पोर्टचे रजिस्टर स्वतः पुन्हापुन्हा तपासत राहतो आणि कर्नलचे संदेशही इंटरप्टशिवायच, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या इशाऱ्याशिवायच, बाहेर पडतात. वापरकर्त्याच्या प्रोग्रामला मात्र इंटरप्ट लागतो, हा फरक लक्षात आल्यावर वाट दिसली. नेटवर्कवरून एसएसएचने (दूरस्थ लॉगिनने) बोर्डात शिरून, इंटरप्ट किती वेळा आले ते दाखवणारी प्रॉक फोल्डरमधील इंटरप्ट्स ही फाइल उघडली, तर सिरियल पोर्टच्या ओळीत मोजणी शून्यावर होती. चिपच्या पुस्तिकेत इंटरप्टचा क्रमांक ७१ छापला होता आणि मी डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला बोर्डावरील हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, तोच लिहिला होता. या चिपमधील एआरएम प्रोसेसरच्या इंटरप्ट कंट्रोलरमधील पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरच्या खासगी वापराचे असतात, त्यामुळे तिथे ७१ वजा ३२, म्हणजे ३९ लिहावे लागते. ही दुरुस्ती करून बूट केल्यावर लॉगिन आले आणि प्रत्येक कळेबरोबर मोजणी वाढताना दिसली. इतके समाधान मला फार कमी वेळा मिळाले आहे.

तक्रार एकच, तीही अडॅप्टरच्या सोबत आलेल्या तारांविषयी. ऑगस्टअखेर खाऱ्या दमट हवेने त्यांच्या टोकांवर हिरवट थर चढला आणि पुन्हा अक्षरे हरवू लागली. नव्या तारा घेऊन आता अडॅप्टर आणि तारा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवतो. किनाऱ्यावर काम करणाऱ्याने हे पहिल्या पावसापूर्वीच करावे. नवा बोर्ड जोडण्याआधी त्याच्या पोर्टचा व्होल्टेज मात्र मीटरने मोजून घ्यावा, कारण माझ्या अडॅप्टरच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आरएस-२३२ पातळीचा, म्हणजे बऱ्याच जास्त व्होल्टेजचा, जुना पोर्ट त्यांना थेट लावला तर चिप जळू शकते.