चड्डीच्या कमरेचं इलॅस्टिक: नेफ्यात ओवायचं की कापडावर थेट शिवायचं?

लहान मुलांच्या चड्ड्या-पायजमे शिवायला घेतले की बेतणं, कापणं भराभर उरकतं आणि गाडी कमरेपाशी येऊन अडते. नेफा करून इलॅस्टिक त्यात ओवायचं, की ते ताणून सरळ कापडावरच शिवून टाकायचं? दोन्हींनी चांगली चड्डी होते. दोन्ही पद्धतींनी मी भरपूर शिवलं आहे. आता बहुतेक वेळा हात एकाच पद्धतीकडे जातो, पण दुसरीची जागाही ठरलेली आहे, तीही पुढे सांगतो.

त्याआधी इलॅस्टिकबद्दल दोन शब्द, कारण पद्धत बरोबर आणि इलॅस्टिक चुकीचं असेल तर दोष उगाच पद्धतीला लागतो. वेणीसारखं गुंफलेलं इलॅस्टिक ताणलं की अरुंद होतं. त्यातून सुई आरपार गेली की आतले रबराचे धागे तुटतात आणि पट्टी तिथे ढिली पडते, म्हणून ते फक्त नेफ्यासाठी घ्यावं. होजिअरीसारखं विणलेलं इलॅस्टिक मऊ असतं, ताणलं तरी रुंदी सोडत नाही आणि सुई सोसतं. थेट शिवायचं असेल तर हेच हवं. तिसरं मागावर विणलेलं, उभ्या-आडव्या रेघांचं आणि जरा कडक असतं. ते सहसा दुमडत नाही, त्यामुळे जाड कापडाच्या नेफ्यात छान बसतं. नावाच्या भानगडीत न पडता घेताना हातभर ताणून बघावं. अरुंद झालं तर ते सुईखाली घालायचं नाही. कापडासोबत इलॅस्टिकही कापण्याआधी भिजवून वाळवून घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात माप बदलतं.

थेट शिवलेलं

दिसायला हे उजवं आहे, यात वाद नाही. कंबर सपाट राहते, चुण्या सारख्या पडतात, इलॅस्टिक आत वळण्याचा प्रश्नच येत नाही. तयार लेगिंगची कंबर हातात घेऊन बघा, बहुधा याच पद्धतीची निघेल.

कंबर 51 सें.मी. आणि कापडाचा घेर 64 सें.मी. धरू. इलॅस्टिक साधारण 46 सें.मी. घ्यायचं, जोडाला 1.5 सें.मी. वेगळं. जोडून गोल केलं की इलॅस्टिकवर आणि कापडावर चार-चार सारख्या खुणा करायच्या आणि खुणेला खूण लावून टाचण्या टोचायच्या. इलॅस्टिक उलट्या बाजूने कच्च्या कडेला लावून झिगझॅग मारायची, रुंदी 4 मि.मी. आणि टाक्याची लांबी 2.5 मि.मी. मग इलॅस्टिक एकदा आत दुमडून खालच्या कडेला दुसरी झिगझॅग. इलॅस्टिक दोन्ही हातांनी सारखं ताणायचं, एक हात सुईच्या पुढे, एक मागे. कापड पुढे न्यायचं काम सुईखालच्या दात्यांवर सोडावं. मागचा हात ओढायला लागला की सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि मोडते. टाके सुटत असतील तर टेन्शनच्या चकतीला हात लावण्याआधी सुई बदला. ताणणाऱ्या कापडासाठीची स्ट्रेच सुई, 75/11 किंवा 90/14 नंबरची, इथे फार फरक पाडते.

46 हे माप कमी वाटेल, पण ते मुद्दाम तसं आहे. सुईची प्रत्येक ओळ इलॅस्टिकला थोडं लांबवते. दोन ओळींनंतर 5 ते 10 टक्के वाढ गृहीत धरावी. वरून, न टेकवता, इस्त्रीची वाफ दाखवली तर थोडं परत आवळतं, सगळं नाही. नवीन गुंडाळी आणली की 10 सें.मी.चा तुकडा चिंधीवर शिवून किती वाढतो ते आधी बघून घ्यावं. कापडाचा घेर इलॅस्टिकच्या दीडपटीवर गेला तर चुण्यांचा ढीग होतो आणि झिगझॅग खालची चुणी पकडते.

जिथे माझं मन फिरलं

इलॅस्टिकचं माप म्हणजे शेवटी अंदाज असतो. लहान मुलाचं पोट सकाळी वेगळं, जेवल्यावर वेगळं, आणि मूल बसलं की आणखी वेगळं. टेप कितीही नीट धरा, कपडा दिवसभर घातल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी कपडा उतरवल्यावर पोटावर लाल वळ दिसला, म्हणजे माप दीड-दोन सें.मी.ने चुकलं. चूक मोठी नाही, पण थेट शिवलेल्या कमरेत ती दुरुस्त करायची म्हणजे काय होतं ते बघा. 64 सें.मी.चा घेर, 2.5 मि.मी.चा टाका, म्हणजे एका ओळीत सुई अडीचशेहून जास्त वेळा खाली गेली. दोन ओळी धरल्या तर पाचशेच्या वर. ते सगळे टाके उसवायचे, आणि तेही इलॅस्टिक सैल पडल्यावर. तेव्हा दोरा रबरात रुतलेला असतो आणि चुण्यांत दडलेला असतो. उसवायच्या हत्याराचं टोक दोऱ्याखाली घालायला कंबर ताणून धरावी लागते, ताण सुटला की टोक कापडात घुसतं. होजिअरीत एक फासा तुटला की तिथून भोक खाली पळतं. सगळं नीट निघालं तरी सुईच्या भोकांची ओळ राहते, आणि ते इलॅस्टिक पुन्हा वापरण्याजोगं उरत नाही.

ही वेळ एकदाच येती तर सोसलं असतं. पण मुलांची वाढच अशी असते की ती पुन्हा येते. उंची 92 सें.मी.वरून 116 वर जाईपर्यंत कंबर साधारण 4-5 सें.मी.नेच वाढते. म्हणजे पायाला 4 सें.मी.ची जादा दुमड ठेवली तर लांबी सोडत सोडत एकच पायजमा बराच काळ पुरतो, आणि त्या काळात कंबर एक-दोनदा थोडीशी सैल करावी लागते. त्यात उष्णता, ऊन आणि तेलाने रबर विरतं, क्लोरीनच्या ब्लीचने स्पॅन्डेक्स (ताणणारा कृत्रिम धागा) विरतं. चांगलं सुती कापड शाबूत असताना इलॅस्टिक आधी दम सोडतं. ज्या भागाला सगळ्यात आधी हात लावावा लागणार, तोच सगळ्यात पक्का शिवून टाकणं मला पटेनासं झालं.

नेफा, त्याच्या कटकटींसह

नेफ्यातही त्रास आहेत. पहिली तक्रार नेहमीची: इलॅस्टिक आत वळतं, त्याची दोरी होते आणि ती पोटाला रुतते. त्याचं कारण बहुतेक वेळा नेफ्याची रुंदी असते. 2 सें.मी.च्या इलॅस्टिकला 3 सें.मी.चा नेफा दिला की ते वळणारच. आतली जागा इलॅस्टिकपेक्षा फक्त 3 मि.मी. जास्त हवी. माझा हिशोब असा: कमरेच्या वर 3.2 सें.मी. माया (दुमडायला किंवा शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), आधी 0.7 दुमडायची, मग 2.5 दुमडायची, आणि खालच्या कडेपासून 2 मि.मी. आत टीप. आत बरोबर 2.3 सें.मी. जागा उरते. इलॅस्टिक ओवून झालं की चड्डी दोन-चार वेळा ताणून चुण्या सारख्या करायच्या आणि दोन्ही बाजूच्या शिवणींवर, शिवणीच्याच खाचेत, नेफ्यातून उभी टीप मारायची. टाका 3 मि.मी., म्हणजे पुढे काढायला सोपा. एवढं केलं की वळण्याचा त्रास जवळपास थांबतो. या टिपेच्या जागी थोडे रबराचे धागे दुखावतात, पण दोनच ठिकाणी.

दुसरी कटकट ओवताना होते. सेफ्टी पिन सरकत सरकत शिवणीपाशी जाते आणि मायेखाली शिरून बसते. मग मागे घ्या, पुढे ढकला, आणि कधी पिन आतच उघडते. यावर उपाय नेफा दुमडण्याआधी करायचा असतो. प्रत्येक शिवणीची माया वरच्या 6.5 सें.मी.मध्ये उघडून इस्त्रीने दाबावी आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना 3-4 मि.मी.वर टीप मारून कापडाला बसवावी. उजव्या बाजूने दोन बारीक रेघा दिसतात, वाईट दिसत नाहीत. मग पिन लोण्यातून जावी तशी जाते. इलॅस्टिकच्या मागच्या टोकाला नेफ्याच्या तोंडाशी आणखी एक पिन टोचून ठेवा, म्हणजे ते टोक आत पळत नाही.

तिसरी अडचण खरी आहे आणि तिला पूर्ण उत्तर नाही: जाडी. नेफ्यात कापडाचे तीन पदर आणि वर इलॅस्टिक. पातळ सुती कापडात ते जाणवत नाही. जाड कॉरड्युरॉय किंवा डेनिमला मात्र कंबर फुगते. तिथे आतली बाजू त्याच कापडाची न ठेवता पातळ सुती पट्टीची केली तर बरंच हलकं होतं.

मशीनचाही विचार करा. सरळ टीपच मारणारं मशीन असेल तर निर्णय आपोआप होतो. नेफ्याला सरळ टीप पुरते. थेट शिवताना सरळ टिपेने काम भागवायचं तर कापड पूर्ण सपाट होईपर्यंत इलॅस्टिक ताणून, 3 ते 3.5 मि.मी.चा टाका आणि पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा लागतो, आणि तरीही चड्डी वर ओढताना दोरा कटकन तुटण्याची भीती राहते.

मग थेट शिवणं कुठे?

आतल्या चड्ड्या, होजिअरीची लेगिंग, झबल्याच्या बाह्यांची टोकं, चड्डीच्या पायाचा घेर. इथे मी नेफ्याच्या वाटेला जात नाही. 6 मि.मी.च्या इलॅस्टिकसाठी मांडीभोवती नेफा करणं म्हणजे कष्ट जास्त आणि गाठीच जास्त. सतत पाठीवर झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही सपाट शिवलेली कंबरच बरी, कारण नेफ्याचा जोड नेमका पाठीखाली येतो. शिवाय ते कपडे काही महिन्यांत आखूड होतात, इलॅस्टिक बदलायची वेळच येत नाही. डायपरवरून घालायचं असेल तर दोन्ही पद्धतींत कापडाचा घेर डायपरसकट नितंबांच्या मापापेक्षा 5 सें.मी. तरी जास्त ठेवा. कंबर बरोबर आणि घालताच येत नाही, अशी चड्डी कुणाच्या उपयोगाची नाही.

काजांचं इलॅस्टिक हा तिसरा पर्याय बरेच जण सुचवतात. पट्टीला ठरावीक अंतरावर काजं असतात, आत बटण लावून कंबर कमी-जास्त करता येते. शाळेत जाणाऱ्या बारीक मुलांना उत्तम. 3 वर्षांखालच्या मुलांना मी ते लावत नाही. बटण निघालं तर ते तोंडात जातं, आणि गोल पोटावर बटणाची कड टोचतेही.

नेफा आहे म्हणून त्यात नाडी घालायचा मोह होतो, तो मात्र टाळाच. युरोपच्या ईएन 14682 या मानकात 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाडी चालतच नाही, आणि कमरेच्या नाडीच्या मोकळ्या टोकांनाही लांबीची मर्यादा आहे. घसरगुंडीच्या फटीत टोक अडकायला क्षण पुरतो. शोभेसाठी हवीच असेल तर बाहेरून शिवून टाकलेली छोटी गाठ पुरे.

खिडकी ठेवलेला नेफा

शेवटी मी ज्यावर स्थिरावलो तो हा प्रकार. नेफ्याच्या टिपेत 5 सें.मी. तोंड ठेवून ओवल्यावर ते शिवून टाकायची नेहमीची रीत आहे. त्याऐवजी मागच्या मधल्या शिवणीतच खिडकी ठेवायची. ती शिवण शिवताना वरच्या कच्च्या कडेपासून पहिला 1 सें.मी. टीप मारायची, पुढचे 2 सें.मी. मोकळे सोडायचे, मग पुन्हा टीप सुरू करायची. मोकळ्या भागाच्या दोन्ही टोकांना उलट टाके घेऊन पक्कं करायचं, नाहीतर पहिल्याच ओढाताणीत खिडकीचा दरवाजा होतो. माया वर सांगितल्याप्रमाणे उघडून दोन्ही बाजूंनी बसवली की खिडकीच्या कडाही आपोआप पक्क्या होतात. आता नेफा दुमडला की ही फट नेमकी आतल्या बाजूला येते, बाहेरून काही दिसत नाही, आणि नेफ्याची टीप एका दमात गोल पूर्ण मारता येते.

इलॅस्टिक या फटीतून ओवायचं आणि टोकं फटीतूनच बाहेर काढून जोडायची. जोडाला झिगझॅगचा चौकोन नको, दोन आडव्या सरळ टिपा पुरतात, आणि टोकं 1 सें.मी.ऐवजी 4 सें.मी. एकमेकांवर चढवायची. कंबर 51 असेल तर तयार गोल 47 चा हवा, अधिक 4 चढाव. म्हणजे कंबर भरेल तेवढंच इलॅस्टिक कापायचं, वेगळा हिशोब लागत नाही. वळ दिसला की जोड फटीतून बाहेर ओढा, दोन टिपा उसवा, चढाव 4 चा 2 करा, पुन्हा दोन टिपा. बाजूच्या उभ्या टिपांना हात लावावा लागत नाही, मागचा भाग तेवढा सैल होतो, आणि पोटाला तेवढंच हवं असतं.