पहिली व्हॅन घेताय? कंपनीला मंथली लावायची की बाहेरच्या ट्रिपा मारायच्या

१२+१ ची, म्हणजे बारा प्रवासी आणि एक ड्रायव्हर अशी गाडी घ्यायची, पिवळी पाटी करायची, म्हणजे भाड्यासाठी पासिंग करायची, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलंच असते. खरा प्रश्न गाडी दारात उभी राहिल्यावर सुरू होतो की आता ही लावायची कुठे. नागपुरात साधारण दोन रस्ते आहेत, एक म्हणजे बुटीबोरी, हिंगणा नाहीतर मिहानमधल्या एखाद्या कंपनीला स्टाफसाठी मंथली लावून टाकायची, आणि दुसरा म्हणजे बाहेरचं भाडं, शेगाव, शिर्डी, ताडोबा, पेंच, पचमढी, आणि मधे लग्नाचा सीझन. मी आधी ट्रिपा केल्या, मग मंथली धरली, आज दोन गाड्या आहेत, म्हणून जे पाहिलं ते लिहून राहिलो. गाडी कोणती घ्यावी, ॲव्हरेज किती देते, ते यात नाही, त्याची माहिती तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असेल.

ट्रिपांमधे पैसा आहे हे आधीच सांगतो. एका चांगल्या महिन्यात जे हातात येते ते मंथलीत कधीच येत नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होते, डिसेंबरमधे ते लागलं की शहरात गाडी मिळत नाही, जो रेट सांगाल तो मिळते. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ ऑक्टोबरला उघडला की जूनअखेरपर्यंत काम सुरू, शेगाव तर बारा महिने, गुरुवार आणि सुट्टीला जोडून हमखास फोन येतोच. समृद्धी महामार्ग झाल्यापासून शिर्डीही सोपी झाली. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मधे पूर्ण ७०१ किलोमीटर, तेव्हापासून लोक नाशिकपर्यंतच्या चौकश्या करायला लागले. फक्त एक गोष्ट पार्टीला बुकिंगच्याच वेळी सांगून ठेवा, आपली गाडी स्पीड गव्हर्नरमुळे ८० ला बांधलेली असते, बाजूने कारा सुसाट जातात आणि मागून आवाज येतो "दादा, दाबा ना जरा", तेव्हा समजावत बसण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. उन्हाळ्यात समृद्धीवर टायरच्या बाबतीत कंजुषी अजिबात नको, सिमेंटचा रोड, नागपूरचं ऊन (२०१३ च्या मे मधे ४७.९ वर गेला होता पारा), आणि मागे बारा माणसं बसलेली.

परमिटचं म्हणाल तर पेंचला सिल्लारी गेट आपल्या महाराष्ट्रात आहे, पण पार्टीचं बुकिंग तुरियाचं निघालं तर खवासा ओलांडून मध्यप्रदेशात जावं लागते, पचमढी तर सगळीच तिकडे. त्यामुळे ट्रिपाच मारायच्या असतील तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट सुरुवातीलाच ऑनलाइन काढून घ्या, दर वेळी बॉर्डरचा टॅक्स भरत बसू नका. मंथलीवाल्याला हा खर्च टाळता येतो.

आता दुसरी बाजू. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, चातुर्मासात लग्न नाही, पितृपक्षात तर फोनच वाजत नाही, हफ्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला. पण मी ट्रिपा सोडल्या त्या याच्यासाठी नाही, मंदीची तयारी करता येते, चार पैसे बाजूला टाकता येतात. मला ज्या गोष्टीचा खरा कंटाळा आला ती म्हणजे शेवटचा हिशोब.

बाहेरच्या भाड्यात किलोमीटर गॅरेज टू गॅरेज धरतात, म्हणजे गाडी उभी राहते तिथून निघून परत तिथेच येईपर्यंत, आणि दिवसाचे मिनिमम ३०० लागतात, हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, पार्टीलाही फोनवर सांगितलेलं असते, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेलं असते. पण माझी गाडी हुडकेश्वरला उभी राहते आणि पार्टी राहते मानकापूर नाहीतर कोराडी रोडला, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं जायचं, आणि रात्री तसंच रिकामं यायचं. शेगाववरून परत येता येता रात्रीचे साडेअकरा होतात, लेकरं झोपलेली, बाया डब्यांच्या पिशव्या उतरवून राहिल्या, आणि घरातला एक मोठा माणूस हातात मोबाईल घेऊन मॅप दाखवतो की भाऊ, शेगाव तर इतकंच दाखवते, तुमच्या मीटरमधे एवढं जास्त कसं. मी सकाळी निघताना काढलेला मीटरचा फोटो दाखवतो, त्याच्यावर टाइम असतो, तरी ते म्हणतात हा फोटो तर तुमच्या घरचा आहे, आम्ही बसलो तेव्हाचा दाखवा. मग टोल, मग पार्किंग, मग ड्रायव्हरचा भत्ता आम्ही जेवण दिलं तर काहून द्यायचा. माणसं वाईट नसतात, दिवसभर छान बोललेली असतात, गजानन महाराजांचा प्रसाद हातात दिलेला असतो, पण त्या वेळी सगळेच थकलेले, आणि सोळा तास जागा असलेला माणूस चाळीस किलोमीटरसाठी लोकांच्या गेटपाशी उभा राहून भांडतो, शेजारचे खिडकीतून पाहतात. कधी सोडून दिले, कधी घेतले, पण घेतले तेव्हाही घरी येऊन झोप लागत नव्हती. पूर्ण रक्कम आधी घेऊन पाहिली, तर पार्टी दुसऱ्याकडे जाते. राउंड रेट सांगून पाहिला, तर तिकडे गेल्यावर "इथपर्यंत आलोच आहे तर आनंदसागरवरून घ्या, लोणारही करून टाकू" सुरू होते. ज्याचा स्वभाव गोडीत बोलून पैसे काढायचा आहे त्याला हे काहीच वाटणार नाही, माझे एक मित्र आहेत, ते हसत हसत शेवटचा रुपया घेऊन येतात. मला नाही जमत.

मंथलीत हा प्रकारच नाही. महिन्याचे किलोमीटर ठरलेले, वरचे लागले तर त्याचा रेट ॲग्रीमेंटमधे लिहिलेला, लॉगशीटवर रोज सही होते, आणि गाडी कुठून निघते हे पहिल्याच दिवशी नक्की होते. त्रास दुसऱ्या जागी आहे. पेमेंट उशिरा येते. मी ज्या कंपनीला गाडी लावली होती तिथे बिल आधी ॲडमिनमधे, मग अकाउंटमधे, मग सही करणारे साहेब टूरवर, आणि डिझेल मात्र रोज रोख. यावर एक उपाय आहे, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट होते, आणि तो नंबर प्रत्येक बिलावर टाका. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचं बंधन आहे, आणि एप्रिल २०२४ पासून आयकरातही असं आलंय की छोट्या उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. साहेबांना सांगून जे होत नाही ते अकाउंटवाल्याला ही गोष्ट माहीत असली की बरेचदा होऊन जाते, निदान माझं तरी झालं. गाडी स्वतःच्या नावाने असेल तर १ टक्का टीडीएस कापतात, तो रिटर्न भरला की हिशोबात येतो, बुडत नाही.

बाकी अटी आहेतच. जीपीएस, ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन, रात्रीच्या शिफ्टमधे मुलींना शेवटी एकटं सोडायचं नाही त्यामुळे रूट लांबतो, आणि गाडी बंद पडली तर बदली गाडी तुम्हीच द्यायची, नाहीतर ते बाहेरून मागवतात आणि तुमच्या बिलातून कापतात. म्हणून एका तरी ओळखीच्या गाडीवाल्यासोबत आधीच बोलून ठेवा. दिवसा शिफ्टच्या मधल्या वेळात गाडी उभी राहते, तेव्हा शाळेची मुलं भरू असं कोणी सुचवेल, पण स्कूल बसचे नियम वेगळे आहेत, २०११ पासून महाराष्ट्रात त्याची स्वतंत्र नियमावली आहे, त्यात हात घालू नका. निवडणुकीत सरकारने गाडी अधिग्रहणात घेतली तर दोन्हीकडे सारखंच, पण कंपनीला आधी लेखी कळवलं तर ऐकून घेतात, लग्नाची तारीख घेतलेल्या पार्टीला काय सांगणार.

आता तुमचं घर वर्धा रोडकडे असेल, घरात दुसरी कमाई असेल, आणि लोकांसोबत पैशाचं बोलायला जड जात नसेल तर ट्रिपा करा, मी नाही म्हणणार नाही, कमाई तिथे जास्तच आहे. पण हफ्त्यावर पहिलीच गाडी असेल तर माझा कल मंथलीकडे आहे. माझी एक गाडी बुटीबोरीला असते, दुसरी हिंगण्याला, आणि साप्ताहिक सुट्टीला ओळखीतली पार्टी असेल तर रामटेक, अडासा असं जवळचं भाडं मारतो, पैसे ठरवून, मीटर न पाहता.

सही करायच्या आधी ॲग्रीमेंटमधे दोनच गोष्टी नीट वाचा. डिझेल वाढलं तर रेट कधी आणि किती वाढणार हे आकड्यात लिहिलेलं पाहिजे, "परस्पर चर्चेने" असं लिहिलं असेल तर ते खोडून आकडा टाकायला लावा. आणि किलोमीटर तुमच्या पार्किंगपासून मोजणार की पहिल्या पिकअपपासून, हे त्याच्यात लिहून घ्या. तीन महिन्यांचा हफ्ता आणि डिझेल बाजूला असल्याशिवाय सही करू नका, पहिलं बिल निघायला तेवढा वेळ लागू शकते.