बिबट्या गोगलगाय आणि पिपिस्ट्रेल वटवाघूळ

दोन्ही मूळचे युरोपातले, दोन्ही निशाचर, आणि दोघांचाही माणसाला उगाच किळस येतो. बिबट्या गोगलगाय (शास्त्रीय नाव लायमॅक्स मॅक्सिमस) ही अंगावर ठिपके असलेली बिनशंखी गोगलगाय १० ते २० सेंटीमीटर लांब होते. पिपिस्ट्रेल वटवाघळाचं वजन मात्र जेमतेम ५ ग्रॅम.

अंधारात वाट काढायची रीत अगदी वेगळी. वटवाघूळ ४५ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज सोडतं आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून उडता कीटक टिपतं. आपल्या कानाची मर्यादाच २० किलोहर्ट्झ. गोगलगायीची सगळी भिस्त वासावर आणि स्पर्शावर. तिच्या वरच्या शिंगांच्या टोकाला डोळे असतात, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नाही.

उलटं लटकणं म्हटलं की वटवाघूळच आठवतं. पण मला गोगलगायीचं लटकणं जास्त विलक्षण वाटतं. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. मीलनाच्या वेळी दोघी चिकट स्रावाच्या जाड धाग्यावर हवेत लोंबकळतात, एकमेकींभोवती पीळ घालतात आणि त्यांचे निळसर अवयव खाली फुलासारखे उमलतात. शुक्राणूंची देवाणघेवाण झाली की दोघीही अंडी घालू शकतात. वटवाघळाची मादी शरद ऋतूत मिळालेले शुक्राणू हिवाळाभर जपते, उन्हाळ्यात बहुधा एकच पिल्लू देते आणि त्याला दूध पाजते.

गोगलगाय जगते दोन-तीन वर्षं. एवढंसं वटवाघूळ मात्र दहा वर्षांच्याही पुढे जाऊ शकतं.