‘बॅरल गेली’ सांगून ३२ हजाराला टोपी घातली, एअर रायफलवाल्यांनी नक्की वाचा

परभणी, जालना, लातूर, नांदेड, आपल्या मराठवाड्यात ज्यांची ज्यांची पोरं दहा मीटर एअर रायफल खेळायलेत त्या सगळ्या आईबापांसाठी लिहायलोय. लांब झालं तरी पूर्ण वाचा, कारण आमच्यासोबत जे झालं तेच आणखी बऱ्याच घरांत झालंय हे आता कळायलंय. २०२४ ला पॅरिसात स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं, तवापासून आपल्याकडं बी नेमबाजीच्या रेंजवर पोरांची गर्दी वाढली, चांगलीच गोष्ट आहे. पण पोरगं खेळतंय म्हणून बाप सोयाबीनचे पैसे मोडून रायफल घेतो आणि त्या रायफलीच्या आत काय चालतं ते त्याला कुणीच सांगत नाही, आणि इथंच काही दुकानदार डाव साधतात.

माझ्या पोरीला आम्ही सेकंडहँड मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेतली, मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराकडून. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. रायफल चांगली होती, ती खोटी नव्हती. रेंजवर नोंद करताना पोरीच्या कोच सरांनी रायफलीचा आणि बॅरलवरचा, म्हणजे नळीवरचा, नंबर दिसंल असे फोटो काढून ठेवायला लावले, ते फोटो पुढं लई कामाला आले.

छर्रे, म्हणजे रायफलीत घालायच्या शिशाच्या बारीक गोळ्या, बी त्याच्याकडूनच घेत होतो. जर्मन कंपनीचा पाचशे छर्ऱ्यांचा डबा, बाहेरच्या भावापेक्षा दीडेकशे रुपये कमी, म्हणायचा “दादा, तुमच्या पोरीसाठी म्हणून या भावात देतो”. काही महिन्यांनी पोरीचं शूटिंग बिघडायला लागलं. जी पोरगी दहाच्या आतबाहेर मारायची तिचा मधीच एखादा आठला जायचा, मग साडेसातला, ग्रुप पार उघडला, म्हणजे शॉट एका जागी पडेनात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दहा मीटरच्या टारगेटचा मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळं रायफलीत कणभर बी फरक पडला की स्कोअरला दिसतो. पोरगी रडायची, सर म्हणायचे पोझिशन तपासू, तिनं तर आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून जेवण कमी केलं होतं. याचा राग मला पैशापेक्षा जास्त आहे.

रायफल त्या दुकानदाराकडं नेली. त्यानं बॅरलमधी टॉर्च मारला, मला बी दाखवलं, आत करड्या रेघा दिसत होत्या. म्हणाला, “रायफलिंग उडालंय बगा दादा, बॅरल गेली, आता कितीबी करा ग्रुप येणार नाही.” रायफलिंग म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा. नवीन इंपोर्टेड बॅरल ३२ हजार, तेबी जुनी बॅरल एक्स्चेंजला दिली तर. राज्य स्पर्धा तोंडावर आलेली, दिले पैसे. बिल कच्चं. सोबत नऊशे रुपयाची बॅरल साफ करायच्या केमिकलची बाटली बी दिली.

नवीन बॅरलवर पोरगी परत छान मारायला लागली म्हणून आमचा विश्वास अजूनच बसला. छर्रे तेच चालू. आणि काही महिन्यांत परत तसंच, परत ग्रुप उघडला, आणि हा पठ्ठ्या परत तोंड वर करून म्हणतो की ही बी बॅरल गेली. नवीकोरी मॅच बॅरल एवढ्यात कशी जाईल? मग सरांच्या ओळखीनं नांदेडकडच्या एका काकांकडं गेलो, फौजेत आर्मरर होते, सगळं आयुष्य बंदुकी उघडण्यात गेलेलं.

काकांनी बॅरलकडं नीट बघून पहिलं वाक्य हेच टाकलं, “अहो, हिला काही झालं नाही, शिसं धरलंय.” म्हणजे छर्ऱ्याचं शिसं नळीला आतून चिकटून बसलेलं. मग त्यांनी आधी फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) गोळे आणि मग मऊ ब्राँझचा ब्रश मारला, दोन्ही मागच्या बाजूनं पुढं, पुढच्या तोंडातून कधीच रॉड घालायचा नाही म्हणाले, तोंडाची कड घासली की बॅरल खरंच खराब होते. पांढऱ्या फडक्यावर चांदीच्या वर्खासारखे बारीक कपटे निघायला लागले. पोरगी हातात धरून बघत होती, काकांनी तिला लगेच हात साबणानं धुवायला लावले, शिसं पोटात गेलेलं लेकरांच्या मेंदूला वाईट असतं, रेंजवर खायचं नाही ते यासाठीच. फडकं स्वच्छ निघेपर्यंत केलं आणि त्याच दिवशी आमच्या रेंजवर चांगल्या छर्ऱ्यानं मारून बघितलं, सुरुवातीचे थोडे इकडंतिकडं गेले आणि मग ग्रुप जुळला, पहिल्यासारखा.

मग काकांनी जे समजावलं ते मी जमेल तसं लिहितो कारण हे कळलं असतं तर कुणी फसलंच नसतं. शिसं इतकं मऊ असतं की नखानं ओरखडा उठतो, त्यानं स्टीलचं रायफलिंग उडत नाही. बॅरल खराब होते ती गंजानं आणि चुकीच्या सफाईनं. काडतुसाच्या बंदुकीत ओतीव शिशाची गोळी असली तर ती नळीच्या आतल्या मापापेक्षा साधारण एक हजारांश इंच मोठी लागते, म्हणजे ती नळी गच्च भरते. लहान पडली तर मागचा गरम गॅस तिच्या बाजूनं पुढं घुसतो, शिसं खरवडत नेतो आणि ते पुढं नळीला चिकटतं, शिसं ३२७ डिग्रीलाच वितळतं. म्हणून तिथं माप, शिशाचा कडकपणा आणि मेणाचं वंगण हे तिन्ही जुळावं लागतं. नुसतं कडक शिसं घेऊन भागत नाही, गरजेपेक्षा कडक गोळीचं बूड दाबानं फुगत नाही, नळी भरत नाही आणि उलट जास्त शिसं धरतं. .२२ च्या काडतुसातल्या शिशाच्या गोळीवर ते मेणासारखं लागतं ते बी याच्यासाठीच, जुन्या स्टॉकचं मेण सुकलं की त्रास होतो.

आपल्या एअर रायफलीत आग नाही, छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरनं जातो, त्यामुळं चांगल्या छर्ऱ्यानं शिसं लई कमी धरतं, अधूनमधून फेल्ट मारलं की भागतं. पण छर्रा मापात नसला, कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धार, असली, कोरडा ठाक आणि पांढरट पडलेला असला, तर तो घासत जातो आणि प्रत्येक शॉटला थोडं थोडं मागं ठेवतो.

मग काकांनी आमचा डबा मागितला. भिंगाखाली छर्ऱ्याच्या मागच्या घेरावर बारीक शिवण दिसायली, काहींना कडेला बर, डब्याच्या तळाला करडी पूड. अस्सल डब्यावर छर्ऱ्याचं माप असतं, ४.४९, ४.५० असं, आणि बॅच नंबर बी असतो, आमच्या डब्यावर तिथं गोंदाचा डाग होता फक्त. सराफाकडं जाऊन वजन केलं. डब्यावर छापलंय ०.५३ ग्रॅम, आणि निघाले ०.४९ पासून ०.५६ पर्यंत. म्हणजे रिकामा अस्सल डबा, आत लोकल माल. केमिकलच्या बाटलीला व्हिनेगरचा भपकारा येत होता, काकांनी ती उघडून लगेच बंद केली. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून शिसं काढायचा जुगाड लोक करतात, त्यातून शिशाचं विषारी ॲसिटेट तयार होतं आणि बॅरलचं स्टील बी खातं, तुमच्याकडं कुणी असलं काही दिलं तर लेकराच्या हाताला लागू देऊ नका. घासायला बाजारातली तांब्याच्या रंगाची घासणी वापरू नका, तिला चुंबक लावून बघा, चिकटली तर आत लोखंड आहे.

आता खरी गोष्ट. पहिली बॅरल बी अशीच चांगली होती, नुसतं शिसं धरलेलं, मग ती गेली कुठं? सरांनी आमच्या जुन्या फोटोतला बॅरलचा नंबर ओळखीच्या कोचना पाठवला. जालन्याच्या एका पोराच्या रायफलीला ती बॅरल निघाली, त्याच्या बापाकडून ‘नवीन इंपोर्टेड’ म्हणून ३५ हजार घेतलेत. आणि आमच्याकडं जी ‘नवीन’ आली तिचा नंबर लातूरच्या एका पोरीच्या जुन्या फोटोत सापडला, तिच्या बापाला बी हेच सांगितलेलं, रायफलिंग उडालंय म्हणून. म्हणजे ह्याच्याकडं एकच खेळ चालू आहे, हलक्या प्रतीचे छर्रे विकायचे, शिसं धरू द्यायचं, बॅरल गेली म्हणून जुनी काढून घ्यायची, फेल्टनं पुसायची आणि पुढच्या गिऱ्हाईकाला नवीन म्हणून लावायची. तिन्ही घरं शेतकऱ्यांची, वो.

फोन केला तर आधी आवाज चढवला, नंबर सांगितल्यावर “या, बसून मिटवू” म्हणाला. आम्ही तिघांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय आणि परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते आणि ५ लाखाच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. कच्चं बिल होतं, पण पैसे यूपीआयनं गेले होते ते बरं झालं, स्टेटमेंट लावलंय, सराफाची वजनाची चिठ्ठी आणि फोटो बी लावलेत.

कुणी बॅरल गेली म्हणलं तर तिथल्या तिथं एकच सांगा, आधी माझ्यासमोर साफ करा आणि दुसऱ्या छर्ऱ्यानं मारून दाखवा, आणि बदललीच तर जुनी बॅरल घरी घेऊन या, एक्स्चेंज कितीबी सांगू द्या. गेल्या दोनतीन वर्षांत ज्यांनी ज्यांनी अशी बॅरल बदलून घेतली त्यांनी जुने फोटो काढून नंबर जुळवून बघा, आणि कच्चं बिल असलं तरी फेकू नका, आमच्या केसला आणखी घरं जोडायचीत.